जानेवारीत गोठवलेल्या पेशी जगतात, मे महिन्यातल्या का मरतात?

पांढरी_रिंग | ९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करते आहे, विषय सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) रुग्णांच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. दोन आठवडे झाले, नीट झोप नाही. इथे कुणी रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोठवण्याचं काम केलं असेल तर कृपा करून वाचा.

पद्धत नेहमीचीच आहे. ८ मिली रक्त, तेवढंच पीबीएस (क्षारांचं सौम्य द्रावण) घालून पातळ करायचं, फिकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) हलक्या हाताने थर द्यायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने) ३० मिनिटं फिरवायचं, ब्रेक बंद. वर पिवळा प्लाझ्मा, मध्ये ढगाळ पांढरी रिंग, खाली फिकॉल, तळाला लाल पेशी. रिंग उचलायची, दोनदा धुवायची, मोजायची. एका व्हायलमध्ये (छोट्या कुपीत) ५० लाख पेशी, ९० टक्के एफबीएस (वासराच्या रक्तातला सीरम) आणि १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना सांभाळणारं रसायन). आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात (मिनिटाला १ अंशाने गार करणारा) रात्रभर उणे ८०, दुसऱ्या दिवशी लिक्विड नायट्रोजन.

जानेवारीत गोठवलेल्या व्हायल उघडल्या तेव्हा ट्रायपॅन ब्लूमध्ये (मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) ८८-९० टक्के पेशी जिवंत होत्या. एप्रिलच्या शेवटापासून गोठवलेल्या ५५ टक्क्यांवर आल्या आहेत, आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यावर त्यातल्याही निम्म्या जातात. पीएचए (टी-पेशींना विभागायला लावणारं प्रथिन) घातलं तरी टी-पेशींचे गुच्छ बनत नाहीत. माणूस तोच, पद्धत तीच, एफबीएसचा लॉटही तोच.

मला लागलंय ते वेगळ्या कारणाने. रक्त देणारे बरेच जण गडचिरोली-भंडाऱ्याकडून पहाटेच्या एसटीने येतात. एका आईने हात पुढे करताना विचारलं होतं, "याचा माह्या पोरीले उपयोग होईन का?" मी म्हटलं, लगेच नाही, पण पुढे कुणाला तरी नक्की होईल. त्या मायलेकींच्या व्हायल मे महिन्यातल्या आहेत.

---

फ्लोवाली_ताई | ९ मे, रात्री ११:२५

अगं, आधी शांत हो. अठरा वर्षं हेच काम करते आहे आणि हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं.

आधी एक हिशेब दे. गोठवलेल्या ५० लाखांपैकी उघडल्यावर एकूण किती हाती आल्या? "५५ टक्के जिवंत" हा आकडा फक्त शिल्लक राहिलेल्यांचा आहे. ज्या पेशी फुटून विरघळल्या त्या हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या काचेवर) दिसतच नाहीत, त्यामुळे टक्का नेहमी आपल्या बाजूने बोलतो. समज, ५० लाखांपैकी २० लाख हाती आल्या आणि त्यातल्या ११ लाख जिवंत, तर तुझं खरं उत्पन्न २२ टक्के. हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायची सवय लाव.

दुसरं. उघडल्या उघडल्या केलेली मोजणी अर्धी गोष्ट सांगते. गोठण्याच्या धक्क्याने ज्या पेशींनी आतून मरण्याचा मार्ग धरलेला असतो त्यांचं आवरण अजून शाबूत असतं, म्हणून ट्रायपॅन ब्लू आत शिरत नाही आणि त्या जिवंत म्हणून मोजल्या जातात. सहा तासांत, बारा तासांत त्या पडतात. तुझ्या रात्रभराच्या निम्म्या त्याच. सकाळचा आकडा खरा धर.

आता प्रश्न. रक्त काढल्यापासून फिकॉलवर जाईपर्यंत किती वेळ, आणि त्या वेळात ते कुठे असतं? फिकॉलचं तापमान काय? डीएमएसओ घातल्यापासून व्हायल उणे ८० मध्ये जाईपर्यंत किती मिनिटं? आणि तुझ्या वहीत "रूम टेंपरेचर" लिहिलंय, त्या रूमचं टेंपरेचर तू कधी मोजलंयस का?

---

तंत्रज्ञ_सक्करदरा | १० मे, सकाळी ७:०५

ताईंचा शेवटचा प्रश्न मी पण विचारणार होतो. फिकॉलच्या पद्धतीत रूम टेंपरेचर म्हणजे १८ ते २०. आपल्या इथं मे महिन्यात रूम टेंपरेचर काय होऊन राहिलं आहे ते सांगायची गरज नाही, परवा बाहेर ४५ होतं.

फिकॉलची घनता १.०७७ असते ती २० अंशाला. गरम झालं की घनता उतरते, मग ज्या लिम्फोसाइट (टी-पेशी यांतल्याच) रिंगमध्ये थांबायला पाहिजे त्या पण खाली लाल पेशीत जातात, रिंग बारीक दिसते. फ्रिजमधून काढून तसंच वापरलं तर उलट, घनता वाढते आणि ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या जड पांढऱ्या पेशी) रिंगमध्ये येऊन बसतात. दोन्हीकडून मार. सेंट्रिफ्यूजमध्ये तापमान सेट करता येत असेल तर बकेट सकट अर्धा तास आधी २० ला लावून ठेवा.

अजून एक, तुमच्या कल्चर रूममध्ये (पेशी वाढवायच्या खोलीत) कूलर तर नाही नं? एका ठिकाणी मी पाहिलं, एसी बंद पडला म्हणून दारात खसचा कूलर लावून ठेवला. घरी बरं वाटते, पण ओल्या खसमधून बुरशीचे बीजाणू खोलीभर फिरतात. आठ दिवसांत तिथल्या फ्लास्कमध्ये पांढरे पुंजके. इन्क्युबेटर पूर्ण खोलून धुवावा लागला.

---

पांढरी_रिंग | १० मे, रात्री ९:१५

कूलर नाही दादा. पण एसीचं खरं आहे. दुपारी व्होल्टेज पडलं की तो बंद होतो आणि आम्ही काम तसंच चालू ठेवतो.

आज डिजिटल थर्मामीटर घेऊन सगळीकडे फिरले. रक्ताच्या नळ्यांचा डबा स्कूटरच्या डिक्कीत येतो, दवाखान्यापासून विभागापर्यंत ३५-४० मिनिटं. डब्याच्या आत ४१. कल्चर रूम सकाळी ९ ला २६, दुपारी ३ ला ३५. फिकॉलची बाटली बाकावरच असते, म्हणजे तीही ३५. आणि एका दिवशी आठ नमुने असले की सगळ्यांची मोजणी संपेपर्यंत पहिल्या व्हायल डीएमएसओत २०-२५ मिनिटं बाकावर उभ्या असतात. जानेवारीतही तेवढाच वेळ लागायचा, पण तेव्हा खोली १६-१८ असायची.

एकूण संख्याही काढली. ५० लाखांतून १९ लाख आल्या होत्या. आकडा लिहिला आणि वही मिटून बसले.

---

रक्तपेढी | १० मे, रात्री १०:५०

मी रक्तसंक्रमण विभागात आहे, म्हणून फक्त प्रवासाबद्दल लिहितो.

डिक्की आजपासून बंद करा. मात्र घाईघाईने नळ्या बर्फात ठेवू नका, ती चूक मी जास्त वेळा पाहिली आहे. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवतात म्हणून लोकांना वाटतं सगळं रक्त थंड हवं. आमच्याकडे प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांत हलवत ठेवतात, कारण थंडीने त्या बिघडतात. तुमच्या कामासाठीही रक्त त्याच २०-२४ च्या आसपास असावं. थर्माकोलचा जाड डबा घ्या, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यात उभ्या करा, नळ्या आणि बाटल्यांच्या मध्ये कापडाचा थर द्या. डब्यात थर्मामीटर कायम ठेवा. आठ तासांच्या आत फिकॉलवर गेलं पाहिजे. रक्त एक दिवस पडून राहिलं की ग्रॅन्युलोसाइटची घनता बदलते आणि त्या रिंगमध्ये मिसळतात.

सिकलसेलच्या नमुन्यांत रिंग लालसर येते का? या रुग्णांच्या रक्तात अपरिपक्व, हलक्या लाल पेशी जास्त असतात, त्या खाली न बसता रिंगपाशी राहतात. अमोनियम क्लोराइडचं लायसिस (लाल पेशी फोडणं) एकदा, थोडाच वेळ द्या आणि लगेच धुवा. मोजणीत त्या लाल पेशी पांढऱ्या म्हणून धरल्या गेल्या तर तुमचे ५० लाख मुळात ५० लाख नसतीलच.

---

गोठ्यातला_डॉक्टर | ११ मे, सकाळी ६:२०

मी पशुवैद्यक, आता निवृत्त. तुमची विद्या माणसांची, पण नायट्रोजनची टाकी आपली एकच. गोठीत रेतमात्रा (गोठवलेलं वीर्य) घेऊन आयुष्यभर गावोगाव फिरलो. पाव मिलीची कांडी, ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद, आणि लगेच काम. कांडी टाकीतून काढून "नंबर वाचतो" म्हणून दोन क्षण जास्त हवेत धरली की गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, म्हणून समजा. पुढच्या वेळी शेतकरी दारात उभा राहू देत नाही.

बेटा, तू लिहिलंस की दुसऱ्या दिवशी व्हायल नायट्रोजनमध्ये जातात. उणे ८० चा फ्रीजर आणि नायट्रोजनची टाकी एकाच खोलीत आहेत का? नसतील तर मधला रस्ता कसा पार करतेस?

---

पांढरी_रिंग | ११ मे, सकाळी ८:४०

काका, दोन वेगळ्या इमारती आहेत. बर्फाच्या डब्यात ठेवून नेते, सात-आठ मिनिटं लागतात.

---

गोठ्यातला_डॉक्टर | ११ मे, सकाळी ९:१०

तो बर्फ तुझ्या व्हायलला विस्तव आहे. बर्फ शून्याला, व्हायल उणे ८० ला. आठ मिनिटांत ती कुठपर्यंत चढली असेल याचा विचार कर. पुरती वितळली नाही म्हणून वरून कठीण दिसते, पण आत बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पेशी फाडतात. नंतर उणे १९६ ला टाकून ते फाटलेलं सांधत नाही.

ड्राय आइस उणे ७८ असतो, त्यात ने. नाहीतर छोट्या कंटेनरमध्ये नायट्रोजन घेऊन फ्रीजरपाशीच जा आणि व्हायल थेट त्यात टाक. फक्त कंटेनरचं झाकण घट्ट बंद करायचं नाही. आणि नायट्रोजन घेऊन लिफ्टमध्ये स्वतः चढायचं नाही. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद गाडीत न्यायचा असेल तर काचा खाली ठेव. हे मी हौसेने सांगत नाही, आमच्या क्षेत्रात बंद खोलीत माणूस कोसळलेला पाहिला आहे.

---

सीताबर्डी_एक्सप्रेस | ११ मे, दुपारी १:३०

मी बीएससीला आहे, साधा प्रश्न विचारतो. गोठवायचंच कशाला? इन्क्युबेटरमध्ये वाढवत राहिलं तर पेशी वाढत जातील ना? बॅक्टेरियासारख्या?

---

फ्लोवाली_ताई | ११ मे, रात्री ९:५०

प्रश्न साधा आहे म्हणूनच चांगला आहे. थोडं सविस्तर लिहिते.

ज्या पेशी "कायम वाढतात" असं आपण ऐकतो त्या बहुतेक कर्करोगातून आलेल्या असतात. जर्कॅट ही टी-पेशींची वंशावळ १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून निघाली, ती आजही जगभर वाढते आहे. पण ताज्या रक्तातली टी-पेशी तशी नाही. ती लहान, गोल, जवळजवळ निद्रिस्त असते. चांगला आरपीएमआय (पेशींचं पोषक द्रावण, म्हणजे मीडिया), १० टक्के एफबीएस, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सगळं दिलंस तरी ती नुसती बसून राहते आणि काही दिवसांत संपते. तिला कुणीतरी उठवावं लागतं.

ती उठवता येते हे कळलं १९६० मध्ये, आणि त्यात राजम्याचा वाटा आहे. पीएचए हे राजम्यातून मिळणारं प्रथिन. त्या काळी ते रक्तातल्या लाल पेशी गोळा करून बाजूला काढायला वापरत. पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं की ते घातल्यावर लिम्फोसाइट फुगतात आणि विभागू लागतात. त्याआधी असा समज होता की लिम्फोसाइट ही पुढे कधीच न विभागणारी, शेवटच्या टप्प्यावरची पेशी. पण नुसती उठवून भागत नाही, खाऊही लागतो. टी-पेशींना वाढवणारा घटक १९७६ मध्ये मॉर्गन, रसेटी आणि गॅलो यांनी दाखवला, आज त्याला आयएल-२ म्हणतात. आता बहुतेक जण टी-पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी३ आणि सीडी२८ या प्रथिनांवर चिकटणारी प्रतिपिंडं आणि आयएल-२ देतात. दोन-तीन दिवसांत पेशी मोठ्या होतात, द्राक्षाच्या घडासारखे गुच्छ दिसतात. तो घड पहिल्यांदा दिसतो तो दिवस मी अजून विसरलेले नाही. मग मिलीला ५ ते २० लाखांच्या मध्ये ठेवत मीडिया वाढवत जायचा. फार विरळ केलं तर एकट्या पडून मरतात, दाटी झाली की मीडिया पिवळा पडतो.

तरीही हे अमर्याद चालत नाही, आणि मुख्य म्हणजे उठवलेली पेशी आता त्या रुग्णाच्या शरीरातली मूळ पेशी राहिलेली नसते. तुला त्या मुलीच्या टी-पेशी आजारात कशा होत्या हे पाहायचं असेल, तर वाढवून वाढवून तू ते चित्रच बदलून टाकतोस. म्हणून गोठवायचं. आणि न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटचाच एक प्रकार) तर गोठवूनही जगत नाहीत, त्यांचं काम त्याच दिवशी ताज्या रक्तावर उरकावं लागतं.

आता रिंगबाई, तुझ्यासाठी डीएमएसओ. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी ते गोठवणीसाठी पुढे आणलं, त्याआधी दहा वर्षं ग्लिसरॉल होतं (काकांच्या कांड्यांत अजूनही आहे). काम असं, की पाणी फार हळू गोठलं तर पेशी सुकून, आतले क्षार दाट होऊन मरते; फार भरभर गोठलं तर आतच बर्फ धरतो. मिनिटाला १ अंश ही चाल दोन्हींच्या मधली, आणि डीएमएसओ त्या वाटेवर पेशीला सांभाळतं. पण द्रव अवस्थेत, उबेला, तेच पेशीला त्रास देतं. जितकी उष्णता आणि जितकी मिनिटं, तितका त्रास.

जानेवारीत सकाळी तुझी डीएमएसओची बाटली गोठलेली असायची का?

---

पांढरी_रिंग | ११ मे, रात्री १०:३०

हो! बऱ्याचदा. हातात धरून वितळवायचे. बाटली खराब झाली की काय म्हणून एकदा घाबरले होते.

---

फ्लोवाली_ताई | ११ मे, रात्री १०:४५

डीएमएसओ १८.५ अंशाला गोठतं. ती बाटली तुला रोज सांगत होती की खोली गार आहे, घाई नको. मे महिन्यात सांगणारं कुणी उरलं नाही.

आता हे कर. डीएमएसओ आणि एफबीएस आदल्या तासाला मिसळून बर्फात ठेव. मिसळताना ते गरम होतं, म्हणून ऐन वेळी पेशींवर शुद्ध डीएमएसओ कधीच ओतायचं नाही. पेशी आधी निम्म्या आकारमानात थंड एफबीएसमध्ये घे, मग २० टक्क्यांचं मिश्रण तेवढंच, थेंब थेंब, ट्यूब हलवत. एका वेळी दोनच नमुने. शेवटच्या थेंबापासून फ्रीजरचं दार बंद होईपर्यंत १० मिनिटांच्या आत. आयसोप्रोपॅनॉलचा डबा पाच वेळा वापरून झाला की द्राव बदल, आणि आदल्या खेपेचा गार डबा लगेच पुन्हा वापरू नकोस, तो आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे. म्हणजे वीसच्या खोलीच्या!

उघडतानाही. ३७ च्या पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरेपर्यंतच, मग बाहेर. कोमट मीडियाचा पहिला मिली अगदी सावकाश, कारण पेशीच्या आत डीएमएसओ भरलेलं असतं. बाहेर एकदम पातळ केलंस तर पाणी आत घुसून ती फुगते आणि फुटते. मग १० मिलीपर्यंत ने, ३०० जी, १० मिनिटं. चिकट गोळे झाले तर ते मेलेल्या पेशींचं डीएनए, डीएनेझ (ते कापणारं एन्झाइम) घाल. चेहऱ्यावर शील्ड हवीच. द्रव नायट्रोजन आत शिरलेली व्हायल पाण्यात फुटू शकते.

---

रक्तपेढी | १२ मे, सकाळी ८:००

एक विनंती. हे सगळं तपासायला रुग्णांचे नमुने वापरू नका. सहकाऱ्यांचं रक्त घेणार असाल तरी एथिक्स कमिटीच्या मंजुरीत निरोगी दात्यांचा उल्लेख आहे का ते आधी पाहा आणि लेखी संमती घ्या. आपल्याच गाइडला "नाही" म्हणणं विद्यार्थ्याला कठीण जातं, म्हणून गाइडने स्वतः विचारू नये.

---

पांढरी_रिंग | २८ मे, रात्री ११:१०

मंजुरीत निरोगी दाते आधीपासून होते. तीन सहकाऱ्यांनी आपणहून, लेखी संमतीने रक्त दिलं.

प्रत्येकाचं रक्त दोन भागांत केलं. एक भाग माझ्या जुन्या रीतीने: डिक्की, ३५ ची खोली, २५ मिनिटं डीएमएसओ, बर्फातून टाकीकडे. दुसरा भाग तुमच्या सांगण्याप्रमाणे: थर्माकोलचा डबा (आत २३ राहिलं), सकाळी ७ ला काम सुरू, सेंट्रिफ्यूज २० वर, मिश्रण बर्फात, ९ मिनिटांत फ्रीजर, ड्राय आइसमधून टाकी. दोन दिवसांनी सगळ्या व्हायल एकत्र उघडल्या.

जुन्या रीतीत रात्रभरानंतर ५० लाखांतून जिवंत हाती आल्या ९, १२ आणि ८ लाख. नव्या रीतीत ३४, ३१ आणि ३६ लाख. पीएचए घातलं. काल तिसऱ्या दिवशी नव्या फ्लास्कमध्ये घड दिसले, ताई. जुन्यात एकाच दात्याचे, तेही तुरळक.

चारही गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे नेमका वाटा कुणाचा किती ते यातून कळत नाही. पावसाळ्यात एकेक करून तपासणार आहे. रुग्णांचे नवे नमुने सकाळच्या पाळीतच घेते आता, आणि वहीत "रूम टेंपरेचर" हा शब्द खोडून प्रत्येक पायरीपुढे आकडा लिहिते.

एक प्रश्न उरला. एप्रिल-मेच्या जुन्या २२ व्हायल टाकीत आहेत, त्या मायलेकींच्याही. गाइड म्हणतात जागा अडते, काढून टाक. माझा हात होत नाही.

---

फ्लोवाली_ताई | २९ मे, सकाळी ६:५०

टाकू नकोस. त्या पेशी वाढणार नाहीत, पण त्यांचं डीएनए शाबूत आहे. जनुकीय तपासणीला, एचएलए टायपिंगला (ऊती जुळवायच्या तपासणीला) त्या चालतील. संमतीपत्रात तेवढं बसतं का पाहा. टी-पेशींच्या प्रयोगात मात्र चुकूनही मिसळू नकोस. आणि त्या आईकडून पुन्हा रक्त हवं असेल तर का हवं आहे ते तिला खरं सांग.

---

पांढरी_रिंग | २९ मे, रात्री ९:३०

संमतीपत्रात जनुकीय तपासणी आहे. आज २२ व्हायलची यादी केली, प्रत्येकीपुढे "एप्रिल-मे, उष्ण खोली, फक्त डीएनए" असं लिहिलं आणि टाकीच्या सगळ्यात खालच्या रॅकमध्ये वेगळ्या डब्यात ठेवल्या.

त्या मुलीच्या आईशी फोनवर बोलले. आमच्या चुकीमुळे नमुना निकामी झाला असं सरळ सांगितलं. जरा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरीची तपासणी १४ जूनले आहे, तवाच या."

थर्माकोलचा डबा त्या दिवसासाठी धुऊन ठेवला आहे.